राक्षसाला इयत्ता नसते

मी पोरांना शेपट्या लावते. माकडाची, सिंहाची, मोराची, एकदा तर चक्क धूमकेतूची. गेली पंचवीसएक वर्षं हाच माझा धंदा आहे आणि त्याचा मला भारी अभिमान आहे.

नाशिकच्या मेन रोडमागच्या एका बोळात माझं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय, ‘नाटक, गॅदरिंग व फॅन्सी ड्रेससाठी सर्व प्रकारचे ड्रेस भाड्याने मिळतील.’ त्यातलं ‘सर्व प्रकारचे’ हे मी तरुणपणी लिहिलं. तेव्हा मला वाटलं होतं, राजा, राणी, परी, वाघ, भाजीवाली एवढं केलं की जग संपलं. पण लोक पाटी वाचतात आणि खरी मानतात! एक बाई पोराला पाणीपुरी करायला आल्या. एक गृहस्थ आले, त्यांना मुलाला ‘नेटवर्क’ करायचं होतं.

“म्हणजे दिसतं कसं ते?” मी विचारलं.

“दिसत नाही, पण सगळीकडे असतं.”

“मग तसाच पाठवा की, भाडं कशाला देता!”

ते रागावून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. चंदेरी कागद आणि छत्रीच्या काड्या वापरून मी त्यांना टॉवर करून दिला.

पिंपळगावकडच्या एका बागायतदाराच्या नातीला मी द्राक्षाचा घड केलं होतं. अंगभर हिरवे फुगे. स्टेजवर चढताना तीन फुगे फटाफट फुटले. पण ती चिमुरडी माईकपाशी गेली आणि शांतपणे म्हणाली, “अवकाळी पडला की असंच होतं.” सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी! पहिलं बक्षीस! घड माझा आणि बक्षीस तिला, पण असो, मी मोठ्या मनाची आहे.

बाहेरच्यांना या धंद्यातलं काही ठाऊक नसतं म्हणून थोडं सांगते. आमचा हंगाम डिसेंबर-जानेवारी, कारण सगळ्या शाळांची गॅदरिंग तेव्हाच असतात. ड्रेस गाठोड्यांत बांधून जातात, जुन्या चादरींच्या. गाठोडं मोठं असेल तर मी स्वतः सोबत जाते, कारण तीस पोरांना एका वर्गात कपडे चढवणं हे काम टीचरलोकांच्या आवाक्यातलं नाही. माझ्या पदराला शंभर सेफ्टी पिना असतात, तोंडात चार, आणि तरीही मी बोलू शकते. ड्रेस चढवायच्या आधी सगळ्यांनी शू करून यायचं, हा माझा पहिला नियम. दुसरा नियम नाही. पहिला पाळला की बाकीचं आपोआप होतं.

आणि मापं. आमच्याकडे माप इंचात नसतं, इयत्तेत असतं. ‘पहिलीची परी’, ‘चौथीचा राजा’, ‘बालवाडीचा ससा’. मी नुसतं पोर बघून सांगते, हा पहिलीत असला तरी याला तिसरीचा सिंह लागणार.

फक्त राक्षसाला इयत्ता नव्हती. राक्षस एकच. काळा झगा, लाल झालर, लोकरीच्या जटा आणि पोटावर बांधायची उशी. माप मोठ्यातलं मोठं. कारण कोणत्याही शाळेत राक्षस करायचा म्हटलं की वर्गातला सगळ्यात अंगानं भरलेला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात सावळा पोरगा उभा केला जातो. टीचर फोनवर विचारायच्या, “राक्षस कोणत्या मापाचा आहे हो?” आणि मी ऐटीत सांगायची, “अंगानं दणकट पोरगा बघा, त्याला बरोबर बसेल.” म्हणजे ड्रेस पोराला शोधायचा, पोरगा ड्रेसला नाही. एवढ्या वर्षांत किती पोरं मी अशी फोनवर बसल्या बसल्या राक्षस केली असतील! त्यांना विचारलं कुणी? मी तर नाहीच.

आता माझ्याकडे राक्षस बालवाडीपासून सातवीपर्यंत सगळ्या मापांत मिळतो. आणि टीचरनी विचारलं, कोणत्या मुलाला देऊ, की मी सांगते, ज्याला दात विचकायची हौस आहे त्याला द्या. हे शहाणपण मला आलं ते देवळाली कॅम्पमधल्या एका शाळेत, दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, दुपारी चार वाजता. आणि ते शिकवलं दुसरीतल्या पोरांनी.

देवरे टीचर म्हणून एक उत्साही बाई होत्या. त्यांनी दुसरीच्या वर्गाचं नाटक बसवलं होतं, स्वतः लिहून. राज्यात राक्षस येतो, लोकांचं धान्य खातो, मग राजा, राणी, प्रजा आणि जंगलातले प्राणी सगळे मिळून त्याला ठार मारतात आणि राजा भाषण करतो. मारणारे एकोणतीस, मरणारा एक. मी गाठोडी घेऊन वेळेत पोहोचले, शू झाली, शेपट्या लागल्या, पिना टोचल्या. बाहेर मैदानात मांडव होता, बँड वाजत होता, पालक खुर्च्या पकडत होते. आमचा नंबर तिसरा. पहिला नाच सुरूसुद्धा झाला.

आणि राक्षस सापडेना!

झगा बाकावर, जटा बाकावर, उशी बाकावर. आतला पोरगा गायब. “राक्षस! ए राक्षसा!” मी ओरडत वर्गभर फिरले. शेवटी मागच्या बाकाखाली दोन पाय दिसले.

सोहम गांगुर्डे. वणीजवळच्या खेड्यातलं कुटुंब, वडील फौजेत, म्हणून आई आणि तो कॅम्पात राहत होते. गुबगुबीत, सावळा, मोठ्या डोळ्यांचा. म्हणजे माझ्या फोनवरच्या वर्णनात अगदी बरोबर बसणारा.

“चल रे राजा, ड्रेस घालायचा ना?”

“माझ्या पोटात दुखतंय.”

“खोटं बोलतोय तो,” पाठीमागून आवाज आला. ही रिद्धी. नाटकात राणी, वर्गात मॉनिटर, आणि स्वभावानं कलेक्टर. “त्याचे पप्पा आलेत.”

“मग? चांगलंच झालं की!”

“चांगलं काय मावशी? त्यानं पप्पांना फोनवर सांगितलंय की तो राजा झालाय.”

मी खालीच बसले. बाकीची माहिती रिद्धीनंच पुरवली. पप्पा पार तिकडे सरहद्दीवर असतात. सुट्टी घेऊन आले होते. उद्या सकाळी मनमाडहून त्यांची गाडी. नाटक पहिल्यांदाच बघणार होते. आणि राजा म्हणून ज्याला बघायला आले, त्याला एकोणतीस जण मिळून बडवणार होते.

आता मी पडले अनुभवी. रडणाऱ्या पोरांना स्टेजवर चढवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. मी आवाजात साखर घोळली. “अरे वेड्या, राक्षसाचं काम सगळ्यात भारी असतं! राजा काय, नुसता उभा राहतो. लोक राक्षसालाच बघतात!”

“मग तुम्हीच का नाही होत?” असं म्हणाला तो राजा. ईशान त्याचं नाव. काटकुळा, डोक्यावर माझा सोनेरी मुकुट, ओठावर माझी डिंकानं चिकटवलेली मिशी. त्यानं चिडवायला नव्हतं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं की एवढी भारी गोष्ट असताना ही बाई ती दुसऱ्याला का देतेय.

मी तोंडातल्या चारही पिना काढून पदराला लावायला लागले.

तेवढ्यात ईशान खाली वाकला आणि बाकाखाली म्हणाला, “सोहम, मुकुट घे.”

“नको.”

“घे ना. तलवार पण घे. मिशी नाही देणार पण. काढताना दुखेल.”

“आणि तू?”

“मी प्रधान.”

“आपल्या नाटकात प्रधान नाहीये,” रिद्धी म्हणाली.

“आता आहे.”

बघा कसं झालं ते! मी एवढी मोठी बाई, समजूत घालत बसले होते. सात वर्षांच्या पोरानं डोक्यावरचा मुकुट काढून दिला. महिनाभर ज्याची तालीम केली, ज्याच्यासाठी घरी आजी-आजोबांना बोलावलं, ते त्यानं असं दिलं, जसा कुणी डब्यातला अर्धा पराठा देतो. त्यात मोठेपणाचा आव नाही. मिशीचा सौदा मात्र पक्का.

सोहम बाहेर आला. मुकुट त्याच्या डोक्याला तोकडा पडत होता, मी मागून दोन पिना मारल्या.

“पण तुला राजाची वाक्यं येतात का?” मी विचारलं.

“शेवटचं भाषण येतं,” तो म्हणाला. “मी रोज मरून पडलेला असतो ना तेव्हा. मेल्यावर काही काम नसतं. ऐकायचंच असतं.”

“आधीची मी कानात सांगेन,” ईशान म्हणाला. “प्रधान सांगतोच कानात.”

“आणि राक्षस?” रिद्धीनं विचारलं.

बाहेर दुसरा नाच संपत आला होता. वर्गात एकोणतीस माकडं, पोपट, गावकरी आणि एक राजा उभे होते. मग हळूहळू सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्याकडून बाकावरच्या झग्याकडे. परत माझ्याकडे. वाचकहो, माप मोठ्यातलं मोठं होतं आणि मी त्यात अगदी बरोबर बसत होते.

“टीचरना विचारायला हवं,” मी घाबरून म्हणाले.

“टीचर स्टेजवर अनाउन्समेंट करतायत,” रिद्धी म्हणाली. “हात वर करा मावशी.” आणि तिनं माझ्या डोक्यातून झगा घातलासुद्धा! उशीची गरज नाही, असंही ती म्हणाली. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

आम्ही ओळीनं निघालो तेव्हा सोहमनं माझी झालर ओढली. “मावशी, पडताना एकदम नाही पडायचं. आधी गुडघा, मग हात, मग डोकं. एकदम पडलं की इथं लागतं.” त्यानं कोपर दाखवलं. कोपरावर खपली होती. तिच्याशेजारी आणखी एक, जुनी. महिनाभर हा पोरगा रोज सिमेंटच्या फरशीवर मरत होता आणि स्वतःच शोधून काढलं होतं त्यानं की कमी लागेल असं कसं मरायचं. टीचर शिट्टी वाजवत होत्या, पोरं टाळ्या पिटत होती. कोपर कुणी बघितलं नव्हतं. मी बघितलं ते त्या दिवशी, माझ्या कोपराची वेळ आली तेव्हा.

पडदा उघडला. राजा सिंहासनावर. देवरे टीचर विंगेत उभ्या होत्या. त्यांनी राजाकडे बघितलं, मग हातातल्या कागदाकडे, मग पुन्हा राजाकडे. मग मी आत शिरले.

“खाऊ! खाऊ! सगळ्यांना खाऊ!” मला दुसरं वाक्यच येत नव्हतं. पण आवाज, काय सांगू! आयुष्यभर विंगेत उभी राहिलेली बाई होते मी. पंचवीस वर्षांचं दाबून ठेवलेलं सगळं त्या दिवशी बाहेर आलं. पहिल्या रांगेतली दोन तान्ही पोरं भोकाड पसरून रडायला लागली. मागून कुणीतरी शिट्टी मारली. विंगेतून टीचर दबक्या आवाजात किंचाळत होत्या, “अहो, तुम्ही काय करताय? ए सोहम! ईशान, अरे मुकुट!” सोहम प्रधानाकडे कान लावून एकेक वाक्य ठणठणीत म्हणत होता. मी धान्याच्या पोत्यावर बसून ढेकर दिला. तो नाटकात नव्हता. पण टाळ्या पडल्या!

मग आली ती वेळ. राजानं तलवार उगारली. “प्रजाजनहो, मारा!” एकोणतीस पुठ्ठ्याच्या तलवारी माझ्या अंगावर आल्या. आणि गंमत बघा, एकही लागेना. वीतभर अंतरावर येऊन थांबत होत्या. एका माकडाची चुकून खांद्याला लागली तर माकड म्हणालं, “सॉरी, सॉरी मावशी!” मी आधी गुडघा टेकला. आणि गुडघ्यातून आवाज आला, कट्ट! समोरच माईक होता. शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला असेल. मग हात, मग डोकं. मेले मी.

नाटकात यानंतर प्रजेनं नाचायचं होतं. नाच सुरू होईना. मी एक डोळा किलकिला केला. माझ्याभोवती सगळं जंगल उकिडवं बसलं होतं.

“मावशी, लागलं?”

“खूप लागलं?”

“फुंकर मारू?” असं म्हणत राणीसाहेब झग्यावरूनच माझ्या गुडघ्यावर फुंकर मारायला लागल्या.

“नाचा रे! नाचा!” विंगेतून टीचर.

मी ओठ न हलवता म्हटलं, “नाही लागलं, नाचा.” पण ती कसली ऐकतात! राजा भाषणाला उभा राहिला. “प्रजाजनहो,” तो म्हणाला, आणि थांबला. “आधी पाणी आणा.” पोपटानं स्वतःची बाटली आणली. मी मेलेल्या अवस्थेत दोन घोट प्यायले. मग राजानं समोर बघितलं, छाती फुगवली आणि महिनाभर जमिनीवर पडून ऐकलेलं भाषण म्हणून टाकलं. शेवटी फक्त स्वतःचं एक वाक्य जोडलं, “राक्षस मेला आहे. पण मावशी जिवंत आहेत, काळजी करू नका.”

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! देवरे टीचर माझ्यावर रागवायचं ठरवून आल्या होत्या. जवळ आल्या, तोंड उघडलं, आणि मग डोळेच पुसायला लागल्या. “मी महिनाभर त्याला रोज मारलं हो,” एवढंच म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, “माप माझं होतं टीचर.”

पण खरं नाटक अजून व्हायचं होतं. मी मैदानात कडुनिंबाखाली झगा काढत बसले होते. पोरं अजून तलवारी सोडायला तयार नव्हती. तेवढ्यात सोहमचे आईवडील आले. वडील उंच, स्वेटर घातलेले, केस बारीक कापलेले. आई लगबगीनं पुढं आली.

“अहो ताई, आमचा राक्षस कुठं गेला? आम्ही तर राक्षस बघाया आलो व्हतो!”

मी सोहमकडे बघितलं. सोहमनं जमिनीकडे.

“ही मला रोज फोनवर सांगायची,” वडील म्हणाले, “पोरगं राक्षस लय भारी करतं, घरातली भांडी हालतात म्हणून. मी युनिटमध्ये सगळ्यांना सांगून आलोय.”

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं! पोरगा राजा म्हणत होता, आई राक्षस म्हणत होती, आणि या माणसानं दोन्ही फोन ऐकून दोघांनाही “वा, वा” म्हटलं होतं.

“काका, तो राजाच होता,” ईशान पटकन मधे घुसला. मिशी एका बाजूनं सुटली होती. “पहिल्यापासून राजाच होता. हो ना रे?” आणि एकोणतीस पोरांनी माना हलवल्या. एकही पापणी लवली नाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. सगळा वर्ग त्या एका पोराच्या थापेमागे भिंतीसारखा उभा राहिला.

वडिलांनी त्या भिंतीकडे एकदा नीट बघून घेतलं. “असं व्हय,” ते म्हणाले. “राजा झकासच झाला. आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या. पण मला उद्या गाडीत बसायचंय, आन राक्षस बघायचा राहिला माझा.”

“तुम्हाला राक्षस आवडतो?” सोहमनं विचारलं.

“माझा असल तर.”

सोहमनं मुकुट काढला आणि तलवारीसकट ईशानच्या हातात दिला. मग माझ्यापुढे येऊन हात वर केले. मी झगा चढवला. तो त्याच्या पायाखाली हातभर लोळत होता. मोठ्यातलं मोठं माप ते, दणकट असला तरी दुसरीतलं पोर! मी भराभर पिना मारल्या, जटा बांधल्या. त्याला म्हटलं, “हो आता.”

आणि तो झाला! अहो, काय डरकाळी! कडुनिंबावरचे कावळे उडाले. माझा राक्षस त्याच्यापुढे म्हणजे म्हातारी खोकतेय तसा. वडील “आई गं! वाचवा!” करत पळाले. सहा फुटी फौजी माणूस झाडाभोवती, खुर्च्यांच्या मधून, मांडवाच्या दोऱ्यांवरून उड्या मारत पळतोय, मागे झगा आवरत राक्षस, आणि आई पदर तोंडाला लावून हसतेय, “अवं, हळू, हळू!” तिसऱ्या फेरीला राक्षसानं पाय धरला. वडील धपकन खाली बसले. राक्षस छातीवर चढला.

“खाऊन टाकतो तुम्हाला!” तो ओरडला. राक्षस असला तरी पप्पांना अहो-जाहोच.

“नको रे बाबा, नको!”

“खाणार! सगळे खाणार! मग माझ्या पोटातच राहा.” त्याला धाप लागली होती. “मनमाडला जायचं नाही.”

वडिलांचं हसणं थांबलं. आईनं पदर डोळ्यांकडे नेला. बँडसुद्धा नेमका तेव्हाच का थांबावा, देव जाणे.

“खा,” वडील म्हणाले. त्यांनी हात दोन्हीकडे पसरून दिले.

राक्षसानं त्यांच्या स्वेटरमध्ये तोंड खुपसलं आणि बराच वेळ खात राहिला. भोवती सगळी प्रजा जमली होती. एकोणतीस जणांच्या हातात तलवारी होत्या. त्याला मारायला कुणीही पुढे झालं नाही.